आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन

घराची खिडकी किती वेळ उघडी ठेवायची, हे मला एका बाईंनी स्टॉपवॉच लावून शिकवलं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, पुण्यात मेकॅनिकल झालेला, जर्मनीतल्या कोलोनच्या एका कंपनीत गिअरबॉक्सवर काम करणारा. आणि ह्या माणसाला खिडकी उघडता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या आमच्या घरमालकीण. आयफेलच्या डोंगरांत एका खेड्यात त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही नवराबायको. राहायला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या, "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणाल्या, खिडकी सताड उघडली, गळ्यात बुटाच्या नाडीला लटकवलेलं स्टॉपवॉच दाबलं आणि जानेवारीच्या वाऱ्यात आम्ही तिघं पाच मिनिटं मुकाट्यानं उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, खिडकी बंद. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे बरोब्बर. "असं दिवसातून तीनदा. नाहीतर तुमच्या त्या स्फोटानं माझ्या भिंतींना बुरशी येईल."

स्फोट म्हणजे फोडणी. दोन दिवस त्या खालून ऐकत होत्या.

बाईंच्या जगात 'साधारण' हा शब्दच नव्हता. साडेपाचला येते असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. सतरा वाजून एकतीस म्हणायच्या आणि एकतीसलाच बेल वाजायची. एकदा मी मुद्दाम दाराआड मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिलो, आज पकडतोच म्हणून. बेल वाजली तेव्हा माझ्या घड्याळात सतरा वाजून तीसच झाले होते. मी दार उघडून विजयी मुद्रेनं मनगट पुढे केलं. त्यांनी वाकून पाहिलं, "तुमचं चाळीस सेकंद मागे आहे, हेर इंजेनिअर," म्हणाल्या आणि केकची ताटली हातात देऊन खाली गेल्या. मी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. चाळीस नाही, अडतीस सेकंद मागे होतं. त्या दोन सेकंदांचा मला दिवसभर आनंद पुरला.

तीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या जमीन मोजणी कचेरीत नकाशे काढले होते. त्यामुळे चुकीचा नकाशा दिसला की त्यांना दुसऱ्याच्या घरातला वाकडा फोटो दिसल्यासारखं व्हायचं. हात शिवशिवायचे. जंगलाच्या तोंडाशी फिरायला येणाऱ्यांसाठी एक मोठा फलक होता, त्यावर एक पायवाट ओढ्याच्या चुकीच्या बाजूनं दाखवली होती. बाईंनी जाड मार्करनं ती खोडून बरोबर बाजूला काढली. गावच्या कचेरीतून तंबीचं पत्र आलं, सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण वगैरे. उत्तरादाखल बाईंनी स्वतः मोजून काढलेला आराखडा पाठवला, प्रमाणासकट. चार महिन्यांनी फलक बदलला. बाईंनी जाऊन पाहिलं, पायवाट बरोबर होती, पण उत्तर दिशेचा बाण जरा कललेला होता. त्या मला म्हणाल्या, "आता पुन्हा गेले तर म्हणतील, बाई भांडकुदळ आहे." मी म्हटलं, "नाही हो, असं कोण म्हणेल?" हे मी कसं काय गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, देव जाणे.

आता माझ्या खुळाबद्दल सांगायला हवं, कारण त्यावाचून बाई मला कळल्याच नसत्या. मला कॉम्प्युटरवर विमान चालवायचा नाद होता. तेही साधं नाही. साठच्या दशकातलं, दोन इंजिनांचं, दोन माणसांचं लढाऊ जेट. पुढे वैमानिक, मागे वाट सांगणारा. काळाकुट्ट धूर सोडायचं. माझी बायको त्याला 'रॉकेलचा स्टोव्ह' म्हणायची. त्या जुन्या विमानात आपण कुठे आहोत हे सांगणारं आजच्यासारखं काही नाही. कंपास, घड्याळ आणि मांडीवरचा नकाशा, बास. डोंगराच्या खोबणीतून झाडांना चाटत जायचं आणि वाट चुकायची नाही, ह्यात सगळी मजा. मी अर्थात दर वेळी चुकायचो. मागच्या सीटवर कोणी नव्हतं ना.

एका रविवारी दुपारी मला वाटलं, बाई बाहेर गेल्यात. जर्मनीत रविवार म्हणजे अख्खा दिवस रूहेत्साइट, म्हणजे कोणी आवाज करायचा नाही. भिंतीत खिळा ठोकलात तर शेजारी वर्षभर बोलणार नाहीत. मी तर टेबलाखाली मोठा स्पीकर ठेवून दोन इंजिनं पूर्ण उघडली होती. दहा मिनिटांनी बेल वाजली. बायको आतून म्हणाली, "झालं! बांधा आता सामान."

बाई दारात उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मी माफीची पाठ केलेली जर्मन वाक्यं घाईघाईनं सुरू केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या. "ते असं लांबून वाढत येत नाही. आधी काहीच नसतं. पक्षीसुद्धा ओरडत असतात. मग एकदम सगळं येतं."

त्या आत आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या. तिथे कुठलं तरी नॉर्वेचं खोरं होतं. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हे इथे आणता येतं? आपल्या गावावर?"

दुसऱ्या दिवशी त्या सतरा वह्या घेऊन वर आल्या. ऐंशीच्या दशकात ह्या डोंगरांवरून लढाऊ विमानं सरावासाठी अगदी खालून जायची, कुठल्या कुठल्या देशांची. दीडशे मीटर उंची, काही पट्ट्यांत त्याच्याही निम्मी. बर्लिनची भिंत पडल्यावर हळूहळू ते थांबलं. पण तोवर घरावरून गेलेलं प्रत्येक विमान बाईंनी टिपलं होतं: तारीख, सेकंदापर्यंत वेळ, दिशा, उंची. उंची कशी कळायची? त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात तीन आकारांच्या खाचा कापल्या होत्या. हात लांब करून पुठ्ठा आभाळाकडे धरायचा, विमान कुठल्या खाचेत नेमकं बसतं ते बघायचं. लहान खाचेत बसलं तर नियमात. मोठ्या खाचेत बसलं तर तक्रार. तक्रारींची फाईल वेगळी होती, आणि तिच्यातली उत्तरं तारीख सोडली तर सगळी एकसारखी.

"इतकी वर्षं मी खालून पाहिलं," त्या म्हणाल्या. "आता मला वरून बघायचंय. तुम्ही चालवा. वाट मी सांगते."

मला वाटलं, नकाशेवाल्या बाईंचं कुतूहल आहे. आणि खरं सांगायचं तर मला मागच्या सीटवर माणूस मिळाला, ह्याचाच आनंद जास्त झाला होता.

तेव्हापासून शनिवारी सोळा वाजून दोन मिनिटांनी त्या वर येऊ लागल्या, एका हातात आलुबुखारचा केक, दुसऱ्या हातात नकाशा. ह्या भागाच्या डोंगरदऱ्यांची सीडी मी मागवून घेतली होती. बाईंनी मोजणीचे कागदी नकाशे कापून चिकटवून एक लांबलचक पट्टी केली होती, पंख्यासारखी घडी घातलेली. तिच्यावर शिसपेनीनं विमानाची रेघ, आणि रेघेवर दर सव्वीस सेंटिमीटरला आडवी खूण. एक खूण म्हणजे एक मिनिट, म्हणजे तेरा किलोमीटर. माझ्या शेजारी स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन बसायच्या, स्टॉपवॉच दाबायच्या, आणि एरवी खिडकीवरून माझ्याशी हुज्जत घालणारा त्यांचा आवाज अगदी सपाट व्हायचा. "तीस सेकंदांनी डावीकडे चर्चचा मनोरा. मग विजेच्या तारा, वर घ्या. आता खाली. दहा सेकंदांनी दोनशे चाळीस अंशांवर वळा. आता." चुकून त्या "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणाल्या की मी उगाच सुखावायचो. त्यांच्या तोंडून होकार फार क्वचित यायचा.

बायको केकच्या बदल्यात चिवडा द्यायची. बाई तो चमच्यानं खायच्या, आधी शेंगदाणे, मग डाळं, मग पोहे, असं खातेनिहाय.

पहिल्यांदा आम्ही जे चुकलो ते बाईंमुळे, आणि ती चूक त्यांनीच करावी अशी होती. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी समोर एक तलाव आला. बाई म्हणाल्या, "हे आपलं धरण." मी म्हटलं, घड्याळाप्रमाणे ते अजून चाळीस सेकंद लांब आहे. "मला हे धरण तीस वर्षं माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांना धरणापलीकडचं चर्च दिसलं, रेल्वेचा रूळ दिसला, टेकडीवरचं जंगलही दिसलं. सगळं जुळत गेलं. फक्त रूळ जिकडे वळायला हवा तिकडे वळेना. शेवटी आम्ही बेल्जियममध्ये निघालो.

बाई दोन शनिवार आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तरी नुसती मान हलवायच्या. तिसऱ्या शनिवारी आल्या त्या एक जुनं वैमानिकी शिकवणारं पुस्तक घेऊन, वाचनालयातून खास मागवलेलं. केक ठेवायच्या आधीच बोलायला लागल्या. "आल्झो. मोजणी खात्यात आम्ही आधी जमीन बघायचो आणि त्यावरून नकाशा करायचो. इथे ते उलट आहे. आधी घड्याळ: आत्ता मी कुठे असायला हवं? मग नकाशा: तिथे काय दिसायला हवं? आणि मगच जमीन. जमीन आधी पाहिली की जे हवं ते दिसायला लागतं." मग केक टेबलावर ठेवत, "मला तसं झालं," म्हणाल्या. त्यांनी चूक कबूल केलेली मी त्या आधी पाहिली नव्हती. फलकाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

त्याच पुस्तकातलं आणखी एक त्यांना फार आवडलं होतं. नदीवरच्या एखाद्या पुलाशी जायचं असेल तर सरळ पुलावर नेम धरायचा नाही, मुद्दाम थोडं डावीकडे धरायचं. नदी आली की पूल उजव्या हाताला असणार हे पक्कं. सरळ नेम धरलात आणि पूल दिसला नाही, तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे, ते कळणारच नाही. "कुठल्या बाजूला चुकलोय हे ठाऊक असलं की चुकायची भीती नाही," बाई म्हणायच्या. मी हे पुढे ऑफिसात मीटिंगमध्ये वापरलं आणि माझा बॉस दहा सेकंद माझ्याकडे बघत राहिला.

असं चाललं होतं. दर शनिवारी आम्ही वह्यांतल्या नोंदी जुळवत एकेका दरीतून जायचो आणि विमानं गावाकडे नेमकी कुठून यायची ते पक्कं होत जायचं. मग एके दिवशी बायको बेकरीतून ब्रेड घेऊन आली ती पिशवी तशीच हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"अरे, तुला ठाऊक आहे का, आजींचे मिस्टर कसे गेले?"

ती बाईंना आजी म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"छपरावरून पडून गेले. वादळात छपराच्या पाट्या निघाल्या होत्या, त्या बसवायला चढले होते. वरून विमान गेलं. दचकले असणार, तोल गेला." ती खुर्चीवर बसली. "ह्याच घराच्या छपरावरून. आणि तू दर शनिवारी त्यांना विमानात बसवून ह्याच घराकडे आणतोयस."

"घर नाहीये तिथे," मी म्हणालो. खरंच नव्हतं. सीडीवर डोंगर होते, नद्या होत्या. खेडी म्हणजे कुठेही उगवलेली पाच-सहा लाल छपरं. आमच्या घराच्या जागी कुरण होतं.

"तू जरा विचार कर," एवढंच ती म्हणाली. मी विचार केला, आणि मला बाईंना काही विचारायचं धाडस झालं नाही. मी भित्राच आहे अशा बाबतीत.

पण बाईंनीच विषय काढला. पुढच्या शनिवारी त्या कुरणावरून आम्ही गेलो तेव्हा त्यांनी स्टॉपवॉच थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला बेकरीतून कळलंय. आमच्या बेकरीतून सगळं कळतं. हो. तर मग सरळ सांगते. त्या विमानात दोन माणसं होती. मला एवढंच जाणून घ्यायचंय: त्यांना तो दिसला असेल का? मला पत्र आलं होतं, विमान ठरलेल्या उंचीवर होतं, त्यांच्या नजरेस काही आलं नाही. ते पत्र मी मोजत नाही. मला मोजून बघायचंय. इथे घर बांधता येईल?"

पडद्यावरची वस्तू करायचे प्रोग्राम असायचे तेव्हा, फुकटातले. मी आठवडाभर ऑफिसातून आल्यावर घर बांधत होतो. बाई येऊन मापं सांगायच्या. छप्पर काळ्या पाटीचं, लाल नाही. चर्चचा मनोरा चौतीस मीटर. घरामागे चढत जाणारी टेकडी, तिच्यावर सूचिपर्णी झाडं. तेव्हा उभा असलेला आणि नंतर तोडलेला अक्रोडसुद्धा त्यांनी लावून घेतला. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता छपरावर माणूस."

माणूस मिळेना. शोधून शोधून मला एकच मिळाला, विमानतळावर दोन्ही हातांत दांडे घेऊन विमानाला इकडे ये, तिकडे थांब अशा खुणा करणारा. त्याचे दांडे मला काढता येईनात. शेवटी मी त्याला तसाच छपरावर उभा केला आणि शरमेनं बाईंना दाखवला. मला वाटलं, आता त्या उठून जातील. त्या चष्मा काढून पडद्याजवळ गेल्या.

"असा उभा राहणारा नव्हता तो," त्या म्हणाल्या. "फार संकोची होता. पण चालेल."

त्या दुपारी आम्ही सहा वेळा त्या घरावरून गेलो. वहीतली वेळ, वहीतली दिशा, पंचाहत्तर मीटर उंची, मिनिटाला तेरा किलोमीटर. बायको दारात उभी होती, चहा तसाच हातात. दर वेळी तेच. खिंडीतून बाहेर पडायचं, मनोरा डावीकडे ठेवायचा, मागची टेकडी चढत येते म्हणून विमान वर घ्यायचं. ह्या सगळ्यात घर म्हणजे एक काळा ठिपका, आला की गेला. बाई पट्टीवर बोट ठेवून वेळ सांगत होत्या. प्रत्येक फेरीनंतर विचारायच्या, "पाहिलात?" आणि मी म्हणायचो, "नाही." सहाव्या फेरीला मी शपथेवर सांगतो, मी त्यालाच शोधत होतो. तरी नाही दिसला.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसला असता तर बरं झालं असतं. मी आधी प्रामाणिकपणे सांगितलं, की पडद्यावर माणूस म्हणजे दोन ठिपके. खऱ्या डोळ्यांना ह्याहून जास्त दिसतं. "ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पण मला तेवढ्यावर थांबवेना. त्यांच्या मनावरचं ओझं आपण उतरवतोय असं मला वाटत होतं. इतकी वर्षं ज्यांचा राग धरला ती माणसं निर्दोष होती, एवढं कळलं की बाई मोकळ्या होतील, असं माझं साधं गणित होतं. मी उत्साहानं म्हणालो, "बघा ना, पुढच्याला टेकडी बघायची असते, मागच्याला घड्याळ आणि नकाशा. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं. कोणालाच दिसला नसता."

"कोणालाच नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी नकाशाची पट्टी घडीवर घडी घालत मिटली. मग गळ्यातली नाडी काढली आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं.

"मी अंगणात होते," त्या म्हणाल्या. "शिडी धरायला हवी होती. तो म्हणाला, नको, तू तुझं काम कर. चेष्टेनं म्हणायचा तो तसं. विमान आलं आणि मी पुठ्ठा वर धरला. मोठी खाच, काठोकाठ. मग घड्याळ पाहिलं. मग वही पाहिली. वेळ, दिशा, उंची, सगळं लिहिलं. अक्षरसुद्धा चांगलं आलंय, दाखवते तुम्हाला. मग वर पाहिलं. छपरावर कोणी नव्हतं. पडल्याचा आवाजही आला नाही मला, विमानाच्या आवाजात."

बायकोनं चहा खाली ठेवला.

"त्या दोघांना मी फार शिव्या दिल्या. पण मनातून त्यांच्यावरच भिस्त होती माझी. की मी नाही, तर निदान त्यांनी तरी पाहिलं असेल त्याला. निदान कोणीतरी."

त्या उठल्या आणि नेहमी न विसरता न्यायच्या ती रिकामी ताटली न घेताच खाली गेल्या. मला स्वतःचा इतका राग त्याआधी क्वचितच आला असेल.

मधले दोन आठवडे बायको रोज काहीतरी घेऊन खाली जायची. कधी मुगाची खिचडी, कधी नुसतीच जाऊन बसायची. काय बोलता, विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे. त्या भाज्या चिरतात, मी बघते. माझं चिरणं त्यांना एकसारखं वाटत नाही." खालच्या खिडक्या वेळेवर उघडायच्या, पाच मिनिटांनी बंद व्हायच्या. तेवढ्यावरून मी धीर धरून होतो.

मग एका शनिवारी बेल वाजली. मी घड्याळ पाहिलं, सोळा वाजून अकरा. बाईंच्या हातात केक नव्हता, नकाशा नव्हता, गळाही रिकामा होता.

"आल्झो," त्या म्हणाल्या. "आज वाट तुमची तुम्ही शोधा. मला दुसरं काम आहे."

त्यांनी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ घेतली. चष्मा पुसला. बायको त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मी निघालो. वाट सांगायला कोणी नव्हतं, तरी मला ती पाठ झाली होती. डोळे मिटून गेलो असतो. खिंडीपाशी आल्यावर मी मनाशी ठरवलेलं केलं. इंजिनांचा जोर कमी केला, पंखांच्या झडपा खाली टाकल्या, आणि त्या दरीतून कुठलंच लढाऊ विमान कधी गेलं नसेल इतक्या सावकाश जायला लागलो. असं जड विमान हळू चालवलं की ते नाक वर करतं आणि समोरचं काही दिसत नाही. म्हणून घराजवळ येताच मी ते बाईंच्या बाजूला कलतं केलं, पंख खाली, खिडकी पूर्ण घराकडे. अक्रोड आला. काळं छप्पर आलं. ह्या वेळी ते ठिपक्यासारखं पळालं नाही. सावकाश, जवळजवळ थांबत थांबत खालून सरकलं. त्याच्यावर तो उभा होता, दोन्ही हात वर करून, ते वेडे दांडे घेऊन, आणि मीही मान वळवून त्याच्याचकडे बघत राहिलो.

"तो बघा," बाई म्हणाल्या. "तो बघा, तिथे आहे."

आणि आम्ही मागच्या टेकडीवर आपटलो. पडदा हलला आणि थिजला. मधोमध अपघात झाल्याची पाटी आली. वर एक झाड आडवं दिसत होतं. बायकोनं माझा खांदा घट्ट धरला होता. मी बाईंकडे बघायचं टाळत कसंबसं म्हणालो, "माफ करा. मी पण तिकडेच बघत होतो."

बाई पडद्यावरून नजर न काढता बसून होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी माझ्या हातावर एक चापट मारली, आपण घरातल्या माणसाला मारतो तशी.

"तुम्ही समोर बघायचं, हेर इंजेनिअर," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघायला मी होते ना."